वाड्याच्या जुन्या सागवानाला पॉलिश करताय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या जुन्या पेठांत सागवानी खांब, तुळया, कडीपाट, भिंतीतली फडताळं शाबूत असलेली घरं अजून आहेत. तसं सागवान आज सहज मिळत नाही, म्हणून बिघडल्यावर बदलून टाकू असं म्हणायची सोय नाही. आणि ते बिघडतं बहुतेक वेळा घाईमुळे.

सगळ्यात मोठी घाई गणपतीच्या तोंडावर होते. पाहुणे येणार म्हणून ऐन श्रावणात पॉलिश सुरू होतं. हवेत एवढा दमटपणा असताना स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश लावलं की स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि पांढरी झाक धरते. ही झाक वरवरची असेल तर घाबरू नका. कोरड्या दिवशी स्पिरिटचा जेमतेम ओलावा असलेली कापडी गादी हलक्या हाताने फिरवली की ती जाते. पण ओल्या लाकडावर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन यांसारखं रासायनिक पॉलिश चढवलं असेल तर ते पुढे फुगतं, पापुद्रे सुटतात, आणि सगळं खरवडून काढण्यावाचून मार्ग राहत नाही. दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंतचे महिने या कामासाठी ठेवा.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्या घरांत पंचगंगेचं पाणी शिरलं, तिथे तर दुप्पट सबुरी हवी. खांबाचं बूड तळखड्यावर, म्हणजे खालच्या दगडी बैठकीवर टेकलेलं असतं. तिथे लाकडाच्या उभ्या रेषांची तोंडं उघडी असल्याने पाणी खालून वर शोषलं जातं. वरून खडखडीत वाटणारा खांब आतून ओला असतो. ओल मोजायचं यंत्र असेल तर उत्तम. नसेल तर बुडाजवळ प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून रात्रभर ठेवा. सकाळी आत दव दिसलं किंवा लाकूड काळसर पडलं तर थांबा. पण दव दिसलं नाही म्हणून गाभा वाळला असं समजू नका. काहीजण हॅलोजनचे दिवे लावून खांब वाळवतात. तसं करू नका, बाहेरचा थर आधी आकसतो आणि उभ्या भेगा पडतात. खिडक्या उघड्या, पंखा चालू, एवढंच पुरे.

जुना थर कसला आहे हे न पाहता पॉलिश पेपर हातात घेणं ही दुसरी चूक. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा घासा. चिकट होऊन सुटलं तर लाख आहे, ती स्पिरिटनेच काढता येते. दारांवर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडं घासू नका. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत हवं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांना फार घातक असते. ओलं करून घासा, मास्क लावा, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

कॉस्टिक सोड्याने रंग झटपट निघतो, पण सागवान काळवंडतं आणि त्याचे तंतू सैल होतात. नक्षीकामावर तर तो लावूच देऊ नका, मिस्त्री कितीही म्हणाले तरी. लोखंडी काथ्याही टाळा, त्याचे कण रेषांत अडकून ओल लागताच काळे ठिपके उमटतात. खिळ्यांभोवतीचे तसेच डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने फिके होतात. ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि नंतर स्वच्छ पाण्याने पुसून पुन्हा वाळू द्या.

घासणं नेहमी रेषेच्या दिशेने, १२० पासून २२० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत. सागाला स्वतःचं तेल असतं, म्हणून पीयू किंवा मेलामाइन लावणार असाल तर आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर ते धरत नाही.

जवसाचं तेल लावलं असेल तर तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना त्या तापतात आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात बुडवून ठेवा किंवा अंगणात एकेक सुटी पसरून वाळवा.