रिकाम्या ग्राफिक्स कार्डाचं वीज खाणं कसं कमी करावं

गेम बंद आहे, रेंडरिंग चालू नाही, ब्राउझरमध्ये चार टॅब उघडे आहेत, एवढंच. तरीही कार्ड कोमट लागतं आणि पंखा मधूनच फिरतो. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी व्होल्टेजकडे जातो. अंडरव्होल्ट केलं, म्हणजे चिपचं व्होल्टेज उतरवलं, की भागेल, असं वाटतं. भागत नाही. रिकाम्या वेळी कोरचं, म्हणजे मुख्य चिपचं, व्होल्टेज आधीच तळाला टेकलेलं असतं आणि त्याखाली ड्रायव्हर जाऊ देत नाही. वीज खात असते ती बहुतेक वेळा कार्डावरची मेमरी, कारण तिचा क्लॉक, म्हणजे चालायचा वेग, वरच अडकून बसलेला असतो. म्हणून आधी मेमरीकडे बघायचं आणि व्होल्टेजला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

पहिली पायरी: मोजून घ्या

जीपीयू-झेड हे कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या आणि त्यातला सेन्सर्सचा टॅब उघडा. बाकी सगळं बंद करून पाच मिनिटं माऊसला हात लावू नका. मग चार आकडे लिहून ठेवा: कोर क्लॉक, मेमरी क्लॉक, व्होल्टेज आणि बोर्ड पॉवर. एएमडीच्या रेडिऑन 6000 मालिकेत दिसणारा वॅटचा आकडा फक्त चिपचा असतो, अख्ख्या कार्डाचा नाही. त्यामुळे तो आकडा एनव्हिडियाच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करू नका. खरा हिशेब हवा असेल तर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा एनर्जी मीटर घ्या.

एनव्हिडियाच्या आरटीएक्स 3060 चं उदाहरण घेऊ. हे कार्ड नीट झोपलं की कोर 210 आणि मेमरी 405 मेगाहर्ट्झवर येते आणि वापर साधारण 10 ते 15 वॅटच्या घरात राहतो. मेमरी 7500 वर दिसली तर ती अडकली आहे असं समजा. एक गोंधळ इथे हमखास होतो. हे आकडे आफ्टरबर्नरचे, म्हणजे कार्डाचा क्लॉक आणि व्होल्टेज बदलायच्या सॉफ्टवेअरचे, आहेत. जीपीयू-झेड त्याच स्थितींना 101 आणि 1875 दाखवतो, कारण दोघांची मोजायची पद्धत वेगळी आहे. आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच सॉफ्टवेअरमधून घ्या.

मेमरी खाली येतच असेल आणि वॅटही कमी असतील, तर तुमचं कार्ड ठीक आहे. पुढचं काही करायची गरज नाही.

दुसरी पायरी: कोण जागं ठेवतंय ते शोधा

एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर मॅनेजमेंट मोड बघा. कुठल्या तरी व्हिडिओत ऐकून तो ‘प्रिफर मॅक्झिमम परफॉर्मन्स’वर ठेवलेला असतो आणि तोही ग्लोबल सेटिंगमध्ये. तिथे ‘नॉर्मल’ निवडा. एखाद्या गेमला खरंच गरज असेल तर फक्त त्या गेमपुरती ती सेटिंग बदलता येते. त्याच पॅनेलच्या डेस्कटॉप मेनूत जीपीयू वापरणारे प्रोग्राम दाखवणारं चिन्ह टास्कबारवर आणायची सोय आहे, ती चालू करा. हलते वॉलपेपर, गेम लाँचर, आरजीबी दिव्यांची सॉफ्टवेअर, ओव्हरले ही नेहमीची मंडळी तिथे सापडतात. एकेक बंद करा आणि मेमरीचा आकडा पडतो का बघा.

घरच्या संगणकावर एआय मॉडेल चालवत असाल तर काम झाल्यावर मॉडेल मेमरीतून उतरवा. टेस्ला पी40 सारखी जुनी सर्व्हर कार्डं नुसतं मॉडेल भरून ठेवलं तरी 50 वॅटच्या आसपास खात राहतात, आणि मॉडेल उतरवलं की 10 च्या जवळ येतात.

तिसरी पायरी: मॉनिटर

इथे जरा थांबू या, कारण बहुतेकांचं दुखणं इथेच असतं.

मेमरीचा क्लॉक बदलताना तिचं काम क्षणभर थांबतं. त्या क्षणी पडद्यावर चित्र जात असेल तर ते फडफडतं. म्हणून ड्रायव्हर एक फ्रेम संपून दुसरी सुरू व्हायच्या मधल्या मोकळ्या वेळात, म्हणजे व्हर्टिकल ब्लँकिंगमध्ये, हा बदल उरकतो. रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं तो आकडा, जास्त असला की हा वेळ अपुरा पडू शकतो. दोन मॉनिटर वेगवेगळ्या रेटवर चालत असतील तर दोघांचे मोकळे क्षण एकत्र येतीलच असं नाही. मग ड्रायव्हर धोका पत्करत नाही आणि मेमरी वरच ठेवून देतो.

हा त्रास जुनाच आहे. 2008 च्या रेडिऑन एचडी 4870 मध्ये जीडीडीआर5 मेमरी रिकाम्या वेळी खाली येतच नसे आणि कार्ड बसल्या बसल्या 90 वॅट घेई. पुढच्याच वर्षी आलेल्या एचडी 5870 चा आकडा 27 वॅट होता. आरएक्स 480 च्या मेमरीला 300 आणि 2000 मेगाहर्ट्झ एवढ्या दोनच पायऱ्या होत्या. आरएक्स 580 मध्ये मधली 1000 ची पायरी घातली, तीही मुख्यतः जास्त मॉनिटर आणि व्हिडिओ यांच्यासाठीच. तरी डिसेंबर 2022 मध्ये आरएक्स 7900 एक्सटीएक्स आलं तेव्हा दोन मॉनिटरवर रिकाम्या वेळी 100 वॅटच्या आसपास वापर मोजला गेला, आणि पुढे ड्रायव्हरच्या अपडेटांमधून तो उतरवत न्यावा लागला.

करायचं काय, तर आधी फुकटचे उपाय. 144 चा मॉनिटर 120 हर्ट्झवर आणून बघा. एवढ्यानेही पुष्कळदा मेमरी खाली येते आणि डोळ्याला फरक फारसा जाणवत नाही. दोन मॉनिटर असतील तर दोघांचा रेट सारखा करा. रेडिऑन असेल तर फ्रीसिंक, म्हणजे कार्डाच्या गतीप्रमाणे मॉनिटरचा रेट बदलायची सोय, चालू करून बघा, 7000 मालिकेत त्याचा फायदा होताना दिसला आहे.

दुसरा मॉनिटर फक्त मेल आणि चॅटसाठी असेल तर त्याची केबल कार्डातून काढून मदरबोर्डच्या पोर्टला लावा. माझ्या मते हाच सगळ्यात साधा आणि भरवशाचा इलाज आहे. अट एकच, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स हवं. नावाच्या शेवटी एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरांत ते नसतं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, आयजीपीयू (प्रोसेसरमधलं ग्राफिक्स) चालू ठेवायचा पर्यायही तपासावा लागतो.

एवढ्याने जमलं नाही तर सीआरयू हे मॉनिटरच्या सेटिंग बदलायचं छोटं सॉफ्टवेअर आहे. त्यात मॉनिटरचं टायमिंग उघडून व्हर्टिकल टोटलचा आकडा थोडा वाढवायचा, म्हणजे मोकळा वेळ वाढतो. सीआरयूसोबत ‘रीसेट-ऑल’ नावाची फाइल येते, ती कुठे आहे ते आधी बघून ठेवा. पडदा काळा झाला तर सेफ मोडमध्ये जाऊन ती चालवली की सगळं मूळ जागी येतं.

चौथी पायरी: क्लॉक बांधून टाका

आफ्टरबर्नरचा मेमरीचा स्लायडर इथे कामाचा नाही. तो एनव्हिडियाच्या कार्डांत जेमतेम 500 मेगाहर्ट्झ खाली जातो आणि आपल्याला 7500 वरून 405 वर यायचं आहे. त्यासाठी ड्रायव्हरसोबत येणारं एनव्हिडिया-एसएमआय वापरा. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, प्रोग्रामचं नाव लिहा, मग डॅश एलएमसी आणि 405 (nvidia-smi -lmc 405). आरटीएक्स 30 मालिका व पुढच्या कार्डांवर हे सहसा चालतं. पडदा लुकलुकला तर 405 ऐवजी 810 देऊन बघा. गेम खेळण्याआधी डॅश आरएमसी (nvidia-smi -rmc) देऊन बंधन सोडा, नाहीतर गेम रखडत चालेल. दोन्ही आदेशांच्या दोन बॅच फाइल करून डेस्कटॉपवर ठेवल्या की रोजचं टायपिंग वाचतं.

हे हाताने करायचा कंटाळा असेल तर एनव्हिडिया इन्स्पेक्टर या सॉफ्टवेअरमधला मल्टी डिस्प्ले पॉवर सेव्हर बघा. तो कार्डाला खालच्या स्थितीत दाबून ठेवतो आणि तुम्ही यादीत घातलेला गेम सुरू झाला की सोडतो.

इंटेल आर्कची गोष्ट निराळी. 2022 च्या ए750 आणि ए770 कार्डांचा रिकामा वापर 40 वॅटच्या आसपास भरत होता, आणि त्यावर खुद्द इंटेलने सांगितलेला उपाय क्लॉकचा नाही. एएसपीएम म्हणजे काम नसताना कार्ड आणि मदरबोर्डमधली जोडणी झोपवायची सोय. बायोसमध्ये नेटिव्ह एएसपीएम आणि पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्टचा एएसपीएम एल1 चालू करा. मग विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट ‘मॅक्झिमम पॉवर सेव्हिंग्ज’वर ठेवा.

पाचवी पायरी: आता व्होल्टेज

पूर्ण रिकाम्या वेळी याचा उपयोग नाही, हे वर आलंच आहे. पण व्हिडिओ, स्क्रोलिंग, फोटो एडिटिंग यांत कोर सारखा वर उसळतो आणि तिथे मात्र फरक पडतो. चिपची वीज क्लॉकच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे क्लॉक तोच ठेवून 1.05 व्होल्टचे 0.9 केले तर हा भाग साधारण चौथा हिस्सा कमी होतो.

आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून कुठल्या व्होल्टेजला किती क्लॉक ते दाखवणारी वक्ररेषा उघडा. 3060 साठी 900 मिलिव्होल्टचा बिंदू 1800 मेगाहर्ट्झवर न्या, त्याच्या उजवीकडचे सगळे बिंदू त्याच पातळीवर सपाट करा आणि ‘अप्लाय’ दाबा. डावं टोक मात्र जसं आहे तसंच राहू द्या. अख्खी रेषा वर उचलली तर कमी व्होल्टेजचे बिंदूही वर जातात, आणि मग गेममध्ये तासभर टिकलेला संगणक यूट्यूब बघताना पडतो. प्रत्येक चिप वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. दोन-चार दिवस वापरून बघा, आणि तोवर ‘विंडोजबरोबर लागू करा’ हा पर्याय बंदच ठेवा.

हिशेब काय बसतो तेही बघा. 30 वॅट वाचले आणि संगणक रोज 10 तास चालू असला तर वर्षाला सुमारे 110 युनिट होतात. युनिटला 10 रुपये धरले तर 1100 रुपये. 5 वॅटसाठी आठवडाभर डोकं खपवण्यात मात्र राम नाही, त्यापेक्षा जेवायला उठताना संगणक स्लीपमध्ये टाकलेला बरा.

ड्रायव्हर अपडेट झाला की यातलं बरंच पुसलं जाऊ शकतं. एसएमआयने बांधलेला क्लॉक तर साध्या रीस्टार्टनेही सुटतो. अपडेटनंतर जीपीयू-झेड उघडून मेमरीचा आकडा तेवढा बघून घ्या.