पिसांचे दागिने करताय? या चुका टाळा

पिसांची कानातली सर्वांत जास्त फसतात ती जोडीत. लांबी मोजून, रंग जुळवून दोन पिसं घेतली, तरी घातल्यावर एक गालाकडे वळतं आणि दुसरं मागे. कारण दोन्ही पिसं पक्ष्याच्या एकाच पंखातली असतात. उजव्या पंखातलं पीस एका बाजूला वळतं, डाव्यातलं नेमकं उलट. दांड्याच्या एका बाजूची कड अरुंद आणि दुसरी रुंद असते. दोन पिसं शेजारी ठेवल्यावर अरुंद कडा एकमेकींच्या उलट बाजूंना आल्या, तरच ती जोडी. नवख्यांनी सरळ छातीची किंवा पाठीची पिसं घ्यावीत. त्यांच्या दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतात.

पीस निसटून पडतं

दांड्याचं बूड पोकळ आणि गुळगुळीत. त्यावर नुसता गोंद लावून टोपी (हुक अडकवायची धातूची छोटी नळी) बसवली की पीस आज ना उद्या हातात येणारच. बुडाजवळची मऊ लव सेंटीमीटरभर खालच्या दिशेने सोलून काढा. टोक बारीक पॉलिश पेपरने खरखरीत करा, त्यावर दोऱ्याचे पाच-सहा घट्ट वेढे घ्या, वेढ्यांवर गोंदाचा एक थेंब सोडा आणि मगच टोपी पकडीने दाबा. कोरडा दांडा दाबला की उभा चिरतो. आधी काही सेकंद वाफेवर धरला तर दबतो.

गोंद मात्र पातळ नको. झटपट चिकटणारा पातळ गोंद पिसाच्या तंतूंमधून आपसूक वर चढतो आणि वाळल्यावर पांढरट, कडक पट्टा सोडतो. तो भाग कापून टाकण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. जेलसारखा घट्ट गोंद घ्या. मोरपिसावर चमक वाढवायला वार्निश मारणं तर उलटंच पडतं: तिथला निळा-हिरवा रंग रंगद्रव्याचा नसतो, तंतूंच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो म्हणून तो दिसतो. त्यावर थर बसला की झळाळी जाते.

पीस विस्कटलंय, रंग चढत नाही

विस्कटलेलं पीस टाकून देऊ नका. तंतूंना बारीक आकडे असतात, ते सुटलेत इतकंच. किटलीच्या वाफेवर वीतभर अंतरावरून धरा, बोटांच्या चिमटीत बुडाकडून टोकाकडे हलकेच ओढा, आकडे पुन्हा अडकतात. मळलेलं पीस कोमट पाण्यात शाम्पूचा थेंब टाकून धुवा आणि ड्रायरच्या गार हवेवर वाळवा.

सुती कापडाचा रंग पिसावर नीट चढत नाही. पीस केराटिनचं, म्हणजे केसांच्या आणि नखांच्याच जातीचं; त्याला लोकर-रेशमाचा ॲसिड रंग लागतो, सोबत थोडं व्हिनेगर आणि उकळीच्या खालचं तापमान. पांढरं करायला क्लोरीनचं ब्लीच कधीच नको, केराटिन त्यात विरघळतं.

सापडलेली पिसं

ती फुकट मिळतात, पण बिनधोक असतातच असं नाही. अमेरिकेत 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्यानुसार बहुतेक देशी रानपक्ष्यांचं गळून पडलेलं पीसही परवान्याशिवाय बाळगता येत नाही. तिथे दागिने विकायचे असतील तर कोंबडी, बदक, टर्की अशा पाळीव पक्ष्यांचीच पिसं वापरा. (तशीही त्यांच्यात विविधता कमी नाही.)

कसर लागली तर पिसाला कुरतडल्यासारखी भोकं पडतात आणि तळाशी भुसा दिसतो. असा एक दागिना डब्यात राहिला तर बाकीचेही गेले समजा. सगळे हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच पिशवी उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा, नाहीतर बाहेरच्या हवेतला ओलावा पिसांवर धरतो.