फूल दिसायला हवं, हात नव्हे

भरतनाट्यमचे अडवू (हातापायांच्या मूळ हालचाली) बऱ्यापैकी बसतात, 28 असंयुत हस्त (एका हाताच्या मुद्रा) विनियोगासकट, म्हणजे कुठली मुद्रा कशासाठी त्यासकट, पाठ होतात, मग पहिलं शब्दम् किंवा पद, म्हणजे अभिनयाची रचना, सुरू होतं आणि चांगली चांगली मुलं तिथे आपटतात. चेहरा हलत नाही म्हणून नव्हे. चेहरा हल्ली सगळ्यांचा हलतो, गरजेपेक्षा जास्तच. घोडं अडतं नजरेपाशी.

‘यतो हस्तस्ततो दृष्टिः’ (जिथे हात, तिथे नजर) हा अभिनयदर्पण या जुन्या ग्रंथातला श्लोक आपण सुरुवातीलाच घोकतो. अडवूत तो अक्षरशः खरा: नाट्टडवूत (अडवूचा एक प्रकार) हात बाजूला गेला की डोळे त्याच मात्रेला तिकडे. ही सवय अंगात इतकी मुरते की अभिनयात तीच घात करते. फूल खुडताना डोळे स्वतःच्या बोटांवर चिकटतात आणि बघणाऱ्याला फुलाऐवजी कटकामुख ही मुद्राच दिसते. चंद्र दाखवणाऱ्या चंद्रकला मुद्रेत तर नजर हाताशीच थांबते, डोळे किंचित तिरळे होतात आणि आकाशच गायब. हात दिशा सांगतो. नजरेने त्याच्या पलीकडे वस्तूपर्यंत जायचं असतं.

क्रमही वेगळा. नृत्तात, म्हणजे अभिनयाविना निव्वळ नाचात, हात आणि डोळे बरोबर निघतात. अभिनयात आधी दिसतं, मग हात जातो. न बघता कोणी फांदीत हात घालतं का?

आदितालाच्या आठ मात्रांत एवढंच करून बघा, विलंबित लयीत. 1-2: हात कमरेवर, नजर फांदीवर फिरते. 3: एका फुलावर थांबते. 4: मान आणि खांदा तिकडे झुकतो. 5-6: हात निघतो, नजर फुलावरच, हाताची वाट बघत. 7: मनगटाला हलका झटका देऊन फूल खुडायचं. खुडल्यावर फांदी उसळून वर जाते, म्हणून डोळे क्षणभर तिच्यामागे जाऊ द्या; एवढ्याशा गोष्टीने फांदी खरी वाटते. 8: फूल नाकाशी, श्वास आत. श्वास खरा घ्या, भुवया आपोआप सैलावतात. घाई चौथ्या मात्रेलाच होते. सगळ्यांचीच होते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

दुसरा घोळ उंचीचा. पहिल्या ओळीत गुडघ्याएवढा असलेला बाळकृष्ण तिसऱ्या ओळीत छातीपर्यंत येतो, आणि यशोदेला पत्ताच नसतो. भिंतीवर तीन टिकल्या लावा: गुडघ्याजवळ, डोळ्यांच्या रेषेत आणि छताखाली. कोण कुठल्या टिकलीवर राहतो ते ठरवा आणि गाणं संपेपर्यंत बदलू नका. यशोदा होऊन खाली बघितलं असेल, तर कृष्ण होताना तेवढंच वर बघायचं.

आरशासमोर अभिनय बसवू नका. अरैमंडी (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं) तपासायला आरसा उत्तम, पण अभिनयात डोळे स्वतःच्याच डोळ्यांत अडकतात. मोबाईलवर चित्रण करा आणि आवाज बंद करून नाच न शिकलेल्या कोणाला तरी दाखवा. ‘काय उचललं?’ याला ‘काहीतरी’ असं उत्तर आलं, तर पुन्हा.

दोन दिवसांत नवरस शिकवणाऱ्या शिबिरांचे पैसे वाचवा. तिथे नऊ मुखवटे मिळतात, एकातून दुसऱ्यात जायचं कसं ते मिळत नाही. आणि अभिनय तर त्या जाण्यातच असतो. शिकवणाऱ्या ताईंच्या भुवईची हुबेहूब नक्कल करणंही तसंच. ती भुवई त्यांच्या चेहऱ्यावर शोभते. त्यापेक्षा पदाचा शब्दन् शब्द अर्थ विचारून वहीत लिहा. पदांची तेलुगू-तमिळ आपल्याला परकी, म्हणून आपण ओळीचा ढोबळ भावार्थ घेऊन मोकळे होतो. मग ‘ये’ म्हणणारा हात ‘त्याला’ या शब्दावर पडतो आणि भाषा जाणणारा पहिल्या रांगेत चुळबुळतो. अर्थ सांगायला कंटाळणारा गुरू, नाव कितीही मोठं असो, अभिनयासाठी कामाचा नाही.

आणि पाठीचा कणा. पदात अरैमंडी सुटते तसा कणाही सुटतो, पोट पुढे येतं, खांदे गळतात. विरहिणी दमलेली असेल, पण तिचं वजन कुठल्या पायावर आहे ते ठरलेलं हवं. एका पायावर वजन, दुसरी टाच किंचित उचललेली, बरगड्या वर. मग मान नुसती बोटभर कलली तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचते.