उपाहारगृहात ग्राहकाला उलटी झाल्यास सफाई कशी करावी

दादरच्या एखाद्या गजबजलेल्या उडपी हॉटेलात लहान मुलाला उलटी झाली की बहुधा टेबल पुसणाऱ्या पोऱ्यालाच तोच ओला फडका घेऊन धाडले जाते. हे सर्वांत घातक, कारण तोच फडका पुढे दहा टेबलांवर फिरतो. आधी डोक्यावरचा पंखा बंद करावा, आजूबाजूच्या ग्राहकांना हलवावे आणि जवळचे उघडे पदार्थ, चटणीची भांडी धरून, टाकून द्यावेत. सफाई करणाऱ्याने हातमोजे, मास्क व प्लास्टिकचा एप्रन घालावा आणि तो स्वयंपाकघरातला नसावा.

उलटीवर जुनी वर्तमानपत्रे पसरून ती शोषून घ्यावी, कडेकडून मध्याकडे गोळा करावी आणि दुहेरी पिशवीत बांधावी. झाडू किंवा पाण्याचा फवारा वापरू नये. त्याने कण उडतात. मग साबणाच्या पाण्याने जागा धुवावी, कारण घाणीवर ब्लीच नीट काम करत नाही. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे (म्हणजेच ब्लीचचे) १०० मिलिलिटर द्रावण ९०० मिलिलिटर पाण्यात ताजे मिसळून ते फरशीवर, टेबलाच्या पायांवर आणि खुर्चीच्या खालच्या कडेवरही १० मिनिटे राहू द्यावे. त्यात संडास धुण्याचे ॲसिड मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

शेवटी हातमोजे काढून साबणाने हात धुवावेत. उलट्या-जुलाबांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझर भरवशाचे नाही. आजारी कर्मचाऱ्याला उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तास तरी कामावर घेऊ नये, मग गर्दी कितीही असो.