सीबीसीला जाताय? आधी घडीभर टेका

सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करायची असेल तर लॅबमध्ये पोचल्या पोचल्या बाही वर करू नका. वीसेक मिनिटं शांत बसा, अर्धा तास बसलात तर आणखी चांगलं. मी लातुरात रक्त काढते. औसा, रेणापूर, निलंग्याहून पहिल्या एसटीने आलेली माणसं स्टँडपासून झपाझप चालत येतात, जिना चढतात आणि म्हणतात, "ताई, आधी माझं घ्या, परतीची गाडी हाय." तरी मी त्यांना बसवते. त्याचं कारण नीट समजून घ्या.

रिपोर्टमधला टोटल काउंट म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तातल्या पांढऱ्या पेशी. मोठ्या माणसात तो साधारण 4000 ते 11000 असतो. पण मोजल्या जातात त्या फक्त वाहत्या रक्तातल्या पेशी. न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. त्यांपैकी जवळपास निम्म्या रक्तवाहिन्यांच्या कडेला रेंगाळत असतात. स्टँडवर बाकड्यावर बसलेला प्रवासी कंडक्टरच्या मोजणीत येत नाही, तसं. लिंफोसाइट हा दुसरा प्रकार, त्या तर रक्तात अगदी थोड्या, बाकीच्या प्लीहा (पानथरी), लसिकाग्रंथी (मानेत, काखेत असतात त्या गाठी) अशा ठिकाणी.

या पेशींना कडेवरून प्रवाहात आणण्यात मज्जासंस्थेचा मोठा हात असतो. धावपळ झाली, भीती वाटली की मेंदूकडून निरोप सुटतो. मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअॅड्रेनॅलिन आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून अॅड्रेनॅलिन बाहेर पडतं. हृदय जोरात धडधडतं, रक्ताचा वेग वाढतो, पेशींची भिंतीला धरलेली पकड सुटते आणि काही मिनिटांतच काउंट वर जातो. शरीरात नवी पेशी एकही तयार झालेली नसते. डेव्हिड फेल्टन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात प्लीहा आणि लसिकाग्रंथींत मज्जातंतूंचे धागे थेट रोगप्रतिकारक पेशींपर्यंत पोचलेले दाखवले. तोवर मज्जासंस्था आणि रोगप्रतिकारक यंत्रणा या दोन्ही वेगवेगळ्या धरल्या जायच्या.

लहान लेकराच्या बाबतीत हे जास्त जपा. सुई बघून लेकरू हुंदके देऊन रडायला लागलं की काउंट वाढू शकतो. आजीने मांडीवर घ्यावं, पाणी पाजावं, गप्प झाल्यावर घेऊ. सीबीसीला उपाशीपोटी यायची गरज नसते, त्यामुळे लेकराला भुकेलं आणू नका. बिडी-सिगारेट ओढून लगेच येऊ नका, निकोटिननेही अॅड्रेनॅलिन सुटतं.

वेळही पाळा. रक्तातल्या लिंफोसाइट रात्री जास्त आणि सकाळी कमी असतात, कारण सकाळी कॉर्टिसॉल हे शरीरातलं संप्रेरक (हार्मोन) चढलेलं असतं. मागची तपासणी सकाळी आठला झाली असेल तर पुढचीही त्याच सुमारास, शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. फाइलवर तारखेशेजारी वेळ लिहून ठेवा. दोन रिपोर्ट शेजारी ठेवताना डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

औषधं लपवू नका, हे मी हात जोडून सांगते. गुडघ्याच्या दुखण्यावर गावात मिळणाऱ्या कागदात बांधलेल्या गोळ्यांत कधी कधी स्टेरॉइड असतं. त्याने न्यूट्रोफिल वाढतात, लिंफोसाइट आणि इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा आणखी एक प्रकार) घटतात. गोळीचं नाव माहीत नसेल तर गोळीच घेऊन या. दम्याच्या पंपातलं साल्बुटामॉल आणि अर्धशिशी, धडधडीवर दिलं जाणारं प्रोप्रॅनोलॉल ही दोन्ही औषधं अॅड्रेनॅलिन जिथे काम करतं तिथेच काम करतात, पहिलं त्याच्यासारखं तर दुसरं त्याला अडवणारं. म्हणून तीही सांगा. पण सांगायचं आहे म्हणून एकही डोस मनाने बंद करू नका.

रिपोर्टमध्ये टोटल काउंट 12000 दिसला म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊ नका. आधी ताप, खोकला, जखम यांचा मेळ लागतो का हे डॉक्टरांना बघू द्या. शंका वाटली की आम्ही रक्ताचा थेंब काचेवर पसरून, लिशमन रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. जंतुसंसर्गात बऱ्याचदा कोवळ्या न्यूट्रोफिल दिसतात, त्यांचं केंद्रक अजून तुकड्यांत विभागलेलं नसतं, वाकवलेल्या पट्टीसारखं असतं. नुसत्या जिना चढण्याने किंवा घाबरण्याने त्या सहसा दिसत नाहीत.

ज्यांना फणफणून ताप आहे, धाप लागली आहे, ग्लानी आली आहे, त्यांनी वीस मिनिटांचा हा नियम अजिबात पाळू नये. दारातूनच हाक मारा, रांग बाजूला ठेवून तुमचं रक्त आधी घेऊ.