दोन दूरच्या शहरांमधले हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

दूरच्या प्रवासाचा अंदाज बांधताना अनेकजण भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवतात, आणि पहिली चूक तिथेच होते. पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट कागदावरची सरळ रेषा ही सहसा सर्वांत जवळची वाट नसते. लंडन आणि टोकियो ही जोडी घेऊ. नकाशावर त्यांना जोडणारी रेषा कझाकस्तान आणि चीनवरून जाते. पण पृथ्वीगोलावर याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो वर सरकतो आणि स्कँडिनेव्हियावरून, उत्तर ध्रुववृत्त ओलांडून, जवळजवळ ७१ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढून मग सायबेरियावरून खाली उतरतो. या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात.

आता तोच दोरा पट्टीवर मोजावा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. दोरा साडेबावीस सेंटिमीटर भरतो, म्हणजे अंतर सुमारे ९,५६० किलोमीटर झाले. अधिक अचूक आकडा हवा असल्यास दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या केंद्राशी होणारा त्यांच्यातला कोन काढावा आणि दर अंशाला १११ किलोमीटर धरावेत. येथे तो कोन जवळजवळ ८६ अंशांचा आहे.

वेळेसाठी या अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागावे, आणि चढण्या-उतरण्यात व धावपट्टीपर्यंत जाण्यात जाणारा अर्धा-पाऊण तास मिळवावा. उत्तर सव्वाअकरा तासांच्या आसपास येते. मात्र हे उत्तर अंतिम मानू नये. मध्य अक्षांशांवर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोतवारे वाहतात. त्यामुळेच न्यूयॉर्कहून लंडनला साधारण सात तासांत पोहोचणारे विमान परतीला आठ तासांच्या आसपास घेते.

वाऱ्यापेक्षाही मोठा फरक बंद आकाशाने पडतो, आणि हिशेबात हीच गोष्ट सर्वाधिक वेळा निसटते. २०२२ पासून अनेक विमान कंपन्यांना रशियाच्या हवाई हद्दीतून जाता येत नसल्यामुळे, लंडनहून टोकियोला निघालेल्या त्यांच्या विमानांना वळसा घालावा लागतो आणि प्रवास चौदा तासांच्या घरात जातो. म्हणून काढलेला आकडा प्रत्यक्ष वेळापत्रकाशी ताडून पाहावाच.

शेवटी घड्याळ. वेळापत्रकातल्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात, त्यामुळे त्यांची थेट वजाबाकी करू नये. टोकियो लंडनच्या पुढे हिवाळ्यात नऊ तास असते. ब्रिटनमध्ये उन्हाळी वेळ लागू असताना आठ. हिवाळ्यात दुपारी बारा वाजता लंडनहून सुटून चौदा तास उडालेले विमान उतरते तेव्हा लंडनमध्ये रात्रीचे दोन वाजलेले असतात. त्यात नऊ मिळवले की टोकियोतली दुसऱ्या दिवशीची सकाळ, अकरा वाजताची. मध्ये विमान बदलायचे असल्यास तिथला थांबा या चौदा तासांत वेगळा मिळवावा.