'मला लागला' की 'मी लावला'?

पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होतो तेव्हा हिंजवडीत मुलाखत होती. स्वारगेटहून पीएमपीच्या बसने पोचायला दीड तास लागला. समोरच्या मॅडमनी सहज विचारलं, 'हाउ लाँग डिड इट टेक यू?' म्हणजे पोचायला किती वेळ लागला. 'टेक' ऐकलं आणि डोक्यात फक्त 'घेणे' आलं. 'सॉरी मॅडम, आय डिड नॉट टेक एनिथिंग,' म्हणालो. त्या हसल्या नाहीत, पण पुढच्या प्रश्नांना माझं तोंडच उघडेना. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

टेक-टुक-टेकन तुम्हाला पाठ असेल. औषध घेणं, फोटो काढणं, बसने जाणं, सगळीकडे 'टेक' चालतं. परीक्षा आपण 'देतो', इंग्रजीत ती 'टेक' करतात. एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला.

खरा खड्डा 'लागणे'चा. 'मला एक तास लागला' हे इंग्रजीत 'इट टुक मी ॲन अवर' होतं. हा 'इट' कोण? कोणीच नाही. कर्त्याची जागा रिकामी राहू नये म्हणून तो बसवलेला असतो. त्याचा अर्थ शोधू नका, मी महिनाभर शोधत होतो. मग 'आय टुक ॲन अवर' चूक का? चूक नाही, पण त्याचा सूर 'मी एक तास लावला' असा येतो. बस चांदणी चौकात अडकली असेल तर दोष स्वतःवर कशाला? 'इट' वापरा. प्रश्नात 'डिड' आला की 'टुक' नाही, 'टेक'च. हिंमत लागते तिथेही हेच: 'इट टेक्स करेज'. भूक लागते, ठेच लागते, तिथे मात्र 'टेक'ला हात लावू नका.

अप्पा बळवंत चौकातून तीस दिवसांत इंग्रजी शिकवणारं पुस्तक मीही आणलं होतं. पैसे वाया घालवू नका. 'इंग्रजीतच विचार करा' म्हणणाऱ्या सरांचंही मला पटत नाही. माझी गाठ 'लागला' आणि 'लावला' यांतला फरक कळल्यावर सुटली, म्हणजे मराठीतूनच.

आणि धीर सोडू नका. 'टेक' खुद्द इंग्रजीतही बाहेरून आलेला शब्द आहे. व्हायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या 'टाका'पासून तो आला आणि 'घेणे' याच अर्थाचा इंग्रजीचा स्वतःचा 'निमन' मागे पडला. त्यालाही काही शतकं लागली. तुम्हाला दोन महिने लागले तर लागू देत. दिवसभरात 'लागतं' म्हणून जे जे बोललात ते रात्री अभ्यासिकेत वहीत उतरवा आणि शेजारी 'इट'ने सुरू होणारं वाक्य लिहा. पहिलं वाक्य आजच: खोलीवरून स्वारगेटला पोचायला किती वेळ लागतो?